डॉल्फिनचे तिकीट आणि तिजारतीचा उसूल

कापडाच्या बाजारात ज्याला टिकायचे आहे, त्याच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो, 'माल कुठला?' ताका भिवंडीचा की इचलकरंजीचा, सूत किती काउंटचे, पन्हा किती, माल फ्रेश आहे की सेकंड, हे समजल्याशिवाय शहाणा व्यापारी भाव बोलत नाही. परंतु हाच व्यापारी मे महिन्याच्या सुट्टीत बायकामुलांना घेऊन परदेशी गेला की तिथे जे समोर मांडले जाते ते एक प्रश्नही न विचारता घेतो. सिंगापूर आणि दुबईच्या सहली आता आपल्या समाजातील मध्यम व्यापाऱ्यांच्याही आवाक्यात आल्या आहेत. या सहलींच्या यादीत 'डॉल्फिनबरोबर पोहणे' ही एक बाब असते. मुले त्यासाठी हट्ट धरतात, आईवडील खिसा मोकळा करतात. या तिकिटाचा हिसाब व्यापाराच्या पानावर मांडावा असे आम्हांस वाटते, कारण ती जितकी करमणूक आहे तितकीच तिजारतही आहे.

सेंटोसाचे बेट

सिंगापूरच्या दक्षिणेस सेंटोसा नावाचे लहान बेट आहे. इंग्रजांच्या काळात तिथे लष्करी ठाणे आणि तोफा होत्या, आणि बेटाचे जुने मलय नाव 'पुलाउ ब्लाकांग माती' असे होते. त्यातील 'माती' म्हणजे मृत्यू. १९७०च्या दशकाच्या आरंभी सरकारने तेथे पर्यटन आणायचे ठरवले आणि 'सेंटोसा' हे नाव दिले. हा मलय शब्द आपल्या 'संतोष' या शब्दाचाच भाऊ आहे. २०१० साली तिथे मोठे रिसॉर्ट उघडले. त्यात हॉटेले आहेत, खेळांचे उद्यान आहे आणि कॅसिनोही आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याच आवारात मत्स्यालय सुरू झाले. त्या वेळी ते जगातील सर्वांत मोठे म्हणून गणले जाई. जुलै २०२५ मध्ये ते तिप्पट मोठे करून 'सिंगापूर ओशनेरियम' या नव्या नावाने उघडण्यात आले.

२०१९ साली अरब स्ट्रीटवरील कापड दुकानदारांकडे आमचे काम होते, तेव्हा कुटुंबही बरोबर होते. सुलतान मशिदीच्या परिसरातील या पेठेत हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची पिढीजात दुकाने आहेत. काम उरकल्यावर एक दिवस आम्ही सेंटोसासाठी ठेवला. मत्स्यालयाची तारीफ करावी तेवढी थोडी. ३६ मीटर लांब आणि ८ मीटरहून उंच अशी पारदर्शक भिंत, तिच्या पलीकडे पंखासारखे पर हलवीत जाणारे मोठमोठे मांटा मासे आणि कट्ट्यावर गप्प बसलेली मुले. जी मुले घरी पाच मिनिटे स्वस्थ बसत नाहीत ती तिथे अर्धा तास बसली. अल्लाहची कुदरत पाहून माणसाने 'सुबहानल्लाह' म्हणावे, अशीच ती जागा आहे.

डॉल्फिनचे तिकीट वेगळे होते. आमच्या बंधूंच्या मुलांनी ते काढले, आम्ही काठावर थांबलो. तेथील कर्मचारी अदबशीर होते, पाणी स्वच्छ होते, पोरे खूश होऊन बाहेर आली. डॉल्फिनची कातडी उकडून सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत लागते, असे त्यांनी दहा वेळा सांगितले. डॉल्फिन आमच्याकडे पाहून हसत होता, असेही त्यांचे म्हणणे होते. वास्तविक डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच तशी असते. तो आजारी असो, भुकेला असो, चेहरा हसराच दिसतो. दुकानाच्या दर्शनी काचेत उभ्या केलेल्या पुतळ्याचे हसू आणि हे हसू यांत गिऱ्हाईकाने फर्क करायला शिकले पाहिजे.

माल कुठला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या बेटावरील डॉल्फिन सिंगापूरच्या समुद्रातले नव्हते. २००८ आणि २००९ मध्ये प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांच्या समुद्रातून २७ डॉल्फिन पकडून या उद्यानासाठी घेण्यात आले. त्यांतले दोन २०१० मध्ये मलेशियातील लंकावी येथे ठेवले असताना जंतुसंसर्गाने मेले. बाकीच्यांना फिलिपाइन्समधील सुबिक उपसागरात शिकवून तयार करण्यात आले. ऑक्टोबर २०१२ मध्ये तेथील एका न्यायालयाने त्यांच्या निर्यातीस तात्पुरती मनाई केली, ती पुढे उठली. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांना विमानाने सिंगापुरास आणताना 'वेन वेन' नावाचा सुमारे १० वर्षांचा डॉल्फिन वाटेतच मेला. म्हणजे तिकिटाची खिडकी उघडण्यापूर्वीच २७ पैकी ३ गेले. व्यापाऱ्याच्या भाषेत शेकडा ११ तूट. कापडाच्या गाठीत इतकी तूट निघाली तर आपण गाठ परत पाठवतो. इथे गाठ परत जात नाही.

दुबईची कथाही याच बंदरातून सुरू होते. पाम जुमैरा या मानवनिर्मित बेटावरील हॉटेलासाठी २००७ च्या ऑक्टोबरमध्ये २८ डॉल्फिन सॉलोमन बेटांहूनच विमानाने आणले गेले. त्याआधी २००३ मध्ये तितकेच मेक्सिकोतील कानकून येथे गेले होते. ज्या बेटांवर डॉल्फिनचे दात आजही काही गावांत लग्नाच्या देण्याघेण्यात चलनासारखे वापरले जातात, तेथील गरीब कोळ्यास जिवंत डॉल्फिन म्हणजे मोठी रक्कम वाटली तर नवल नाही. परंतु दलाल, वाहतूक, शिक्षण आणि तिकीट अशा पायऱ्या चढत गेल्यावर नफा कोठे जमा होतो हे व्यापाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. सॉलोमन सरकारने २०१२ पासून ही निर्यात बंद केली. मागणी मात्र दुसरीकडून पुरी होते. जपानमधील ताईजी या गावी दरवर्षी डॉल्फिनचे कळप खाडीत हाकलून पकडतात. मांसासाठी मारलेल्या डॉल्फिनपेक्षा जिवंत विकलेल्याला कितीतरी पटींनी भाव मिळतो, आणि त्या भावावरच तो धंदा चालतो.

मुंबईच्या दुकानात गिऱ्हाईकाने दोन मीटर कापड फाडून घेतले की भिवंडीचा साचा हलतो. गिऱ्हाईकाला तो साचा दिसत नाही, पण साच्यावाल्याला गिऱ्हाईक बरोबर समजते. बेटावरचे तिकीट आणि दूरच्या समुद्रात पडणारे जाळे यांचे नाते असेच आहे.

दीन काय शिकवतो

कोणी म्हणेल, आपण मासळी खाणारे, बकरी ईदला कुर्बानी करणारे लोक, आपल्याला हे सोवळे कशाला? प्रश्न रास्त आहे. उलट हेच भूतदयेचे शब्द ईदच्या आधी आठ दिवस आपल्याविरुद्ध वापरले जातात, त्यामुळे आपल्यातील अनेकांना हा विषयच नकोसा वाटतो. पण दुसऱ्याने दयेचा शब्द ढोंगाने वापरला म्हणून तो शब्द आपण टाकून द्यावा काय? जनावराच्या हक्काची गोष्ट आपल्याला कोणाकडून उसनी घ्यावी लागत नाही. ज़बह करताना सुरी धारदार असावी आणि ती जनावरासमोर पाजळू नये, ही ताकीद आपल्याच घरची आहे. गरजेसाठी, अल्लाहचे नाव घेऊन, नियमाने जीव घेण्याची परवानगी ज्या दीनने दिली, त्याच दीनने जिवंत प्राण्याला बांधून निशाणबाजीचा खेळ करण्यास मनाई केली. अन्न वेगळे आणि खेळ वेगळा, ही रेघ आपल्या बुजुर्गांना चांगली ठाऊक होती.

त्याचबरोबर इन्साफाने हेही सांगितले पाहिजे की प्राणी पाळणे इस्लाममध्ये हराम नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात अबू उमैर या लहान मुलाकडे एक चिमणीएवढा पक्षी होता आणि प्रेषित त्याची प्रेमाने चौकशी करीत, हे सर्वांना माहीत आहे. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीसही आपण ऐकतो. सेंटोसासारख्या ठिकाणी डॉल्फिनला पोटभर मासे मिळतात, पशुवैद्य असतो, त्यामुळे ती हदीस इथे जशीच्या तशी लागू करणे बरोबर होणार नाही. मात्र अन्सारी गृहस्थाच्या बागेतील तो उंटही आठवावा, ज्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ज्याच्या मालकाला प्रेषितांनी या जनावराच्या बाबतीत अल्लाहचे भय धरण्यास सांगितले. जनावराकडून किती काम घ्यावे आणि त्याचे आयुष्य कसे असावे याचाही हिसाब होणार आहे. डॉल्फिन हा मासा नाही, तो श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा, कळपात राहणारा प्राणी आहे. मादी सुमारे वर्षभर पोटात पिल्लू वाढवते. समुद्रात तो रोज कित्येक किलोमीटर फिरतो आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट व भक्ष्य शोधतो. अशा प्राण्याला त्याच्या कळपातून तोडून हौदात ठेवणे आणि पोपटाला पिंजऱ्यात दाणे घालणे, या एकाच तराजूत तोलायच्या गोष्टी आहेत काय? फतवा देणे आमचे काम नाही, ते उलेमांनी पाहावे. व्यापारी म्हणून आम्ही एवढेच जाणतो की बाजारातील धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी आतला ओला दाणा बाहेर काढला होता आणि तो वर का ठेवला नाही असे विचारले होते. ज्या मालाचा ऐब गिऱ्हाईकापासून लपवावा लागतो, त्या मालात बरकत नसते.

बाजार बदलतो आहे

ज्यांना हे सारे भावनेचे वाटते त्यांनी बाजाराकडे पाहावे. भारत सरकारच्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने १७ मे २०१३ रोजी परिपत्रक काढून डॉल्फिनची प्रदर्शनगृहे उभारण्यास मनाई केली. त्या सुमारास कोची, मुंबई व दिल्लीच्या बाजूस अशा योजनांची चर्चा होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळील एका उद्यानात परदेशातून डॉल्फिन आणले होते, ते काही महिन्यांतच मेले. आपल्या देशाने हा सौदा नाकारून आता तपाहून अधिक काळ झाला आहे. २०१९ मध्ये कॅनडाने कायद्याने अशी बंदी घातली. जून २०२५ मध्ये मेक्सिकोच्या संसदेने डॉल्फिनच्या खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला, म्हणजे २००३ मध्ये जो देश गिऱ्हाईक होता त्यानेच पाठ फिरवली. २०१९ मध्ये ट्रिपॲडव्हायझरने आणि २०२१ मध्ये एक्सपीडियाने पकडून ठेवलेल्या डॉल्फिनच्या कार्यक्रमांची तिकिटे विकण्याविरुद्ध धोरण जाहीर केले. या काही खानकाह चालवणाऱ्या संस्था नव्हेत, नफा पाहणाऱ्या कंपन्या आहेत. ज्या मालाकडे गिऱ्हाईक संशयाने पाहू लागते तो माल दुकानात ठेवू नये, एवढे त्या जाणतात.

आपल्यातील अनेक बंधू हज आणि उमऱ्याच्या टूर चालवतात व त्याच जोडीला सिंगापूर-दुबईच्या सहलीही विकतात. त्यांना आमची विनंती आहे की ही बाब यादीतून काढावी. ते जमत नसेल तर निदान गिऱ्हाईकाला मालाची हकीकत सांगावी आणि मग त्याने ठरवावे. दयानतदारी म्हणतात ती हीच.

आपल्या दारातला समुद्र

सेंटोसावर पूर्वी आणखी एक मत्स्यालय होते. ते २०१६ मध्ये बंद झाले. तिथे पाठीवर उंचवटा असलेल्या गुलाबी डॉल्फिनचे खेळ होत. मत्स्यालय बंद झाले तेव्हा हे डॉल्फिन चीनमधील दुसऱ्या उद्यानात रवाना झाले, दुकान मोडल्यावर शिल्लक माल दुसऱ्या दुकानदाराने उचलावा तसे. त्यांचेच सख्खे भाऊबंद आपल्या कोकण किनाऱ्यावर मोकळे फिरतात. दापोलीचे मुरुड-हर्णे, गुहागर, मालवण-तारकर्ली या भागांत थंडीच्या दिवसांत सकाळी होडीने गेले तर त्यांच्या पाठी पाण्यावर उचलताना दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यांना सर्वोच्च संरक्षण आहे. त्यांना हात लावता येत नाही, त्यांच्याबरोबर पोहता येत नाही आणि कधी कधी ते दिसतही नाहीत. पण जे दिसतात ते आपल्या मर्जीने येतात.

या धंद्यात आपल्या समाजाचा वाटा मोठा होऊ शकतो. कोकणातले दालदी, तांडेल, नाखवे यांच्या घरात समुद्राचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. होडीचे भाडे, घरगुती खानावळ, राहण्याची खोली, यांतून येणारा पैसा गावातच राहतो. त्यासाठी काही शिस्त मात्र हवी. होडी कळपाच्या मागे पळवू नये, दहा होड्यांनी एका कळपाला घेरू नये, इंजिन मंद ठेवावे, पुरेसे अंतर राखावे, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट द्यावे आणि 'डॉल्फिन नक्की दाखवू' अशी खोटी हमी देऊन पैसे घेऊ नयेत. पर्यटकाला तिथल्या तिथे खूश करण्यासाठी कळपाचा पाठलाग केला तर डॉल्फिन ती जागा सोडतील आणि धंदाही जाईल. बियाणे खाऊन टाकणारा शेतकरी पुढल्या हंगामात काय पेरणार?

सुट्टीत मुलांना परदेश जरूर दाखवावा. मत्स्यालयाची काच दाखवावी, अरब स्ट्रीटची दुकानेही दाखवावीत. पण डॉल्फिनच्या खिडकीसमोर मूल हट्ट धरील तेव्हा त्याला नुसते 'महाग आहे' असे सांगून गप्प करू नये. हा प्राणी कोठून आला, कसा आला आणि वाटेत किती मेले, हे त्याला सांगावे. उद्या तेच मूल आपल्या गादीवर बसणार आहे. 'माल कुठला?' हा प्रश्न विचारण्याची सवय त्याला आजच लागलेली बरी.