ब्रेक्झिटनंतर युरोपीय संघातील ब्रिटिश नागरिकांचे निवासाधिकार

युरोपीय संघात राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकांचे ब्रेक्झिटनंतरचे निवासाधिकार मुख्यतः युनायटेड किंग्डम व संघ यांच्यातील माघार कराराच्या दुसऱ्या भागाने ठरतात. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमण काळ संपला. त्यापूर्वी संघाच्या नियमांनुसार एखाद्या सदस्य देशात राहत असलेल्या आणि पुढेही तेथेच राहिलेल्या ब्रिटिश व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबीयांना या कराराचे संरक्षण आहे. त्यानंतर आलेल्यांना संघाबाहेरील इतर परदेशी नागरिकांप्रमाणे व्हिसा व परवान्याचे नियम लागू होतात. आयर्लंडचा मात्र अपवाद आहे; तेथे दोन्ही देशांमधील जुन्या सामायिक प्रवास क्षेत्रामुळे ब्रिटिश नागरिकांचा राहण्याचा व काम करण्याचा हक्क अबाधित राहिला.

पार्श्वभूमी

मास्ट्रिख्ट तहाने १९९३ मध्ये संघाचे नागरिकत्व अस्तित्वात आले. ते सदस्य देशाच्या नागरिकत्वाला जोडलेले असते, स्वतंत्रपणे मिळत नाही. २३ जून २०१६ च्या सार्वमतानंतर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले, तेव्हा एकट्या स्पेनमध्ये तीन लाखांहून अधिक ब्रिटिश नागरिकांची नोंद होती. ज्यांच्या राहण्याच्या हक्कावर या निर्णयाचा सर्वाधिक परिणाम होणार होता, त्यांपैकी पंधरा वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर असलेल्यांना सार्वमतात मतच देता आले नाही.

करारातील तरतुदी

पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर कायम निवासाचा हक्क मिळतो. संघाच्या सर्वसाधारण नियमानुसार दोन वर्षांच्या सलग अनुपस्थितीने तो जातो. करारात ही मुदत पाच वर्षांची आहे. या बाबतीत करार अधिक उदार ठरला. पाच वर्षे पूर्ण होण्याआधी मात्र नोकरी, स्वयंरोजगार किंवा पुरेसे उत्पन्न व आरोग्य विमा यांपैकी आधार दाखवावा लागतो. निवृत्तिवेतनातील वार्षिक वाढही करारामुळे चालू राहिली.

हीच तत्त्वे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या संघाच्या नागरिकांनाही लागू आहेत. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झालेले गोमंतकीय याच गटात मोडतात.

अर्ज आणि नोंदणी

कराराच्या अठराव्या कलमाने सदस्य देशांना दोन पर्याय दिले. जर्मनी, स्पेन, इटली, पोर्तुगाल आदी देशांत हक्क आपोआप कायम राहिला; कार्ड हा केवळ त्याचा पुरावा. फ्रान्स, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्वीडन यांसारख्या देशांत मुदतीत अर्ज करून नवा दर्जा मिळवणे बंधनकारक झाले. पहिल्या पद्धतीत हक्क आधी आणि नोंद नंतर असा क्रम आहे. दुसरीत नोंद नसेल तर हक्कच उरत नाही.

हा फरक वरवर तांत्रिक वाटतो, पण व्यवहारात तोच निर्णायक ठरला. फ्रान्सने २००३ पासून संघाच्या नागरिकांना निवास परवान्याची सक्ती ठेवली नव्हती, त्यामुळे दशकानुदशके तेथे राहिलेल्या अनेकांकडे फ्रेंच प्रशासनाचा एकही निवास-दस्तऐवज नव्हता. मुदत वाढवून ती ३० सप्टेंबर २०२१ करण्यात आली. डेन्मार्कमध्ये उशिरा अर्ज केलेल्यांना नकार मिळाले. पुढे २०२३ मध्ये कायदा बदलून त्यांना पुन्हा संधी देण्यात आली. वृद्ध, आजारी किंवा भाषा न येणारी माणसे अशा मुदती चुकवतात, हे आधीच ओळखता येण्यासारखे होते. स्पेनमध्ये अडचण वेगळी होती. तेथे हक्क आपोआप मिळत असला, तरी वर्षानुवर्षे नोंदणी न करता राहिलेल्यांना ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे वास्तव्य भाडेकरार, वीजबिले, वैद्यकीय नोंदी अशा कागदांनी सिद्ध करावे लागले.

मर्यादा

करार संरक्षण देतो तो केवळ यजमान देशात. फ्रान्समध्ये निवासाचा दर्जा असलेल्या ब्रिटिश व्यक्तीला बेल्जियममध्ये स्थायिक होण्याचा हक्क त्यामुळे मिळत नाही. ज्यांचे काम अनेक देशांत विखुरलेले आहे, अशा वादक, अनुवादक, बांधकाम कारागीर यांच्यासाठी हा तोटा मोठा आहे. स्पेन किंवा फ्रान्समध्ये दुसरे घर असलेल्या, पण तेथे निवासी नसलेल्यांना शेंगेन क्षेत्राचा १८० दिवसांत ९० दिवसांचा नियम लागू होतो. घराची मालकी निवासाचा हक्क देत नाही.

मतदानाचा प्रश्न

१९८४ पासून फ्रान्समध्ये राहणाऱ्या व फ्रेंच नागरिकाशी विवाहित असलेल्या एका ब्रिटिश महिलेचे नाव स्थानिक मतदारयादीतून वगळण्यात आले. पंधरा वर्षांच्या नियमामुळे तिला ब्रिटनमध्येही मताधिकार नव्हता. ९ जून २०२२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने या प्रकरणात निर्णय दिला, की ब्रिटनच्या सार्वभौम निर्णयामुळे त्याच्या नागरिकांचे संघाचे नागरिकत्व आपोआप संपुष्टात आले असून व्यक्तिगत परिस्थितीमुळे त्यात फरक पडत नाही. स्पेन, पोर्तुगाल, लक्झेंबर्ग व पोलंड यांच्याशी ब्रिटनने स्थानिक मतदानाबाबत स्वतंत्र द्विपक्षीय करार केले. फ्रान्सशी तसा करार झाला नाही. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून पंधरा वर्षांची मर्यादा काढून टाकल्यानंतर फ्रान्समधील ब्रिटिश रहिवासी लंडनमधील संसदेसाठी मत देऊ शकतात, मात्र फ्रेंच नागरिकत्व घेतल्याखेरीज राहत्या गावच्या नगरपरिषदेसाठी नाही.