ऑरेंज अलर्ट आला, पाऊस आलाच नाही. मग?

परवा सांगलीच्या बॅचमध्ये एका ताईंनी मला मधेच थांबवलं. त्या कुरडया, सांडगे, पापड करून विकतात. म्हणाल्या, "सर, गेल्या आठवड्यात तीनदा ऑरेंज अलर्ट आला. तिन्ही वेळा गच्चीवरचा माल खाली घेतला. एक थेंब पडला नाही. बायकांना जादा पैसे द्यावे लागले ते वेगळंच. आता मी तो अलर्ट बघणारच नाही."

सगळी बॅच हसली. मी पण हसलो, पण मला माझा एप्रिल आठवला.

माझं पॅकिंगच्या साहित्याचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी सकाळी खोक्यांचे गठ्ठे आले. आत जागा करायचा कंटाळा, म्हणून दुकानासमोरच ठेवले, वर ताडपत्री टाकली. मोबाईलवर इशारा होता : गडगडाट, विजा, सोसाट्याचा वारा. मी म्हटलं, कालही होताच की! चारला वारा सुटला, ताडपत्री समोरच्या झाडावर गेली आणि वीस मिनिटांत अकरा हजारांचा पुठ्ठा रद्दी झाला. इशारा वेळेवर आला होता. मीच ऐकला नव्हता.

आपली चूक कुठे होते सांगू? आपण अंदाजाकडे परीक्षेच्या निकालासारखं बघतो. खरा की खोटा. वळवाचं तसं नसतं. जमीन तापते, समुद्राकडून दमट हवा येते, दुपारनंतर ढग उभा वाढत जातो आणि फुटतो तो काही किलोमीटरच्या पट्ट्यात. इशारा मात्र जिल्ह्याला असतो. आपला सांगली जिल्हा शिराळ्यापासून जतपर्यंत पसरलेला. शिराळ्यात झोडपून काढलं तरी जतमध्ये धूळसुद्धा हलत नाही. मग जतचा माणूस म्हणतो, खातं खोटं बोललं.

आणि एप्रिल ते जूनचा जो उन्हाळ्याचा अंदाज येतो, तो तीन महिन्यांचा कल सांगतो. मंगळवारी दुपारी तुमच्या गच्चीवर काय होणार, हे त्यात शोधू नका. त्यासाठी रोजचा जिल्हावार इशारा बघायचा आणि दुपारनंतर पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हातातलं सोडून कामाला लागा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, ते फोनवर ठेवाच.

आता ताईंचा हिशोब करू. गच्चीवर माल ६,००० रुपयांचा. तो खाली घ्यायचा खर्च, म्हणजे जादा मजुरी आणि वाळवण लांबल्याचा तोटा धरून, ३०० रुपये. म्हणजे वीसाला एक. वीस इशाऱ्यांतले एकोणीस फुकट गेले आणि एकदाच पाऊस आला, तरी ताई बरोबरीत. दोनदा आला तर फायद्यात. तीनदा पाऊस आला नाही म्हणून ताई हरल्या नाहीत, त्यांनी ९०० रुपयांत जोखीम टाळली. (बेदाण्याच्या शेडवाल्यांना हे मी शिकवायला नको. पंधरा-वीस दिवस रॅकवर माल वाळवणारा माणूस आभाळ बघूनच जेवतो.)

पण हाच हिशोब कधी उलटाही पडतो, बरं का. समजा तुमचा प्रदर्शनात स्टॉल आहे. रद्द केला तर ४,००० बुडणार, पावसात सापडला तर १०,०००. इथे शंभरात चाळीसपेक्षा जास्त शक्यता असेल तरच रद्द करणं परवडतं. म्हणून रद्द करू नका, स्वस्तातली तयारी करा. माल जमिनीवर ठेवू नका, खाली पॅलेट टाका, अर्धा स्टॉक गाडीतच राहू दे, वायरचे जोड उंचावर बांधा. यलो दिसला की शटर ओढणारा दुकानदार मला तेवढाच चुकीचा वाटतो.

माणसाच्या जिवाला मात्र हा हिशोब लावायचा नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला अशाच वादळी वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ जण गेले. आपला दुकानाचा बोर्ड छोटा असतो म्हणून आपण निवांत असतो. पण त्याच्याखाली गिऱ्हाईक उभं असतं. आणि विजा कडाडत असताना पोराला गच्चीवर माल आणायला पाठवायचं नाही, मग माल किती का असेना. खाली घ्यायचा तर ढग लांब असतानाच.

विम्याचं थोडक्यात. २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही लहान धंद्यांसाठीची पॉलिसी मिळते. वीज आणि वादळाचं नुकसान त्यात धरलेलं आहे. पण तुमचा उघड्यावरचा, मांडवातला माल त्यात येतो का, हे एजंटाला तोंडी विचारू नका. लिहून घ्या.

ताई बॅच संपल्यावर म्हणाल्या, "सर, तुमच्या बोर्डाचे नटबोल्ट कधी बघितले होते?" खोटं कशाला बोलू, मला आठवेना. उद्या सकाळी शिडी लावतोय, व्हिडिओ तिथूनच करतो.