जोते एक, घरे अनेक

ग्राहक हा बाजारपेठेचा राजा असतो, असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके सांगतात. आपल्यापुढे मांडलेल्या वस्तूंमधील फरक या राजाला कळतो, हे त्यात गृहीत धरलेले असते. मोटारींच्या बाजारात हे गृहीतक कितपत टिकते, हे एकदा तपासून पाहण्याजोगे आहे. पुण्याजवळच्या चाकण येथील एकाच कारखान्यात तयार होणाऱ्या ‘स्कोडा स्लाव्हिया’ आणि ‘फोक्सवॅगन व्हर्टस’ या दोन सेडान मोटारी २०२२ साली बाजारात आल्या. नावे दोन, बोधचिन्हे दोन, विक्रीची दालनेही दोन. परंतु पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर दोहोंचे सारखेच, २६५१ मिलिमीटर. एक लिटर आणि दीड लिटर क्षमतेची इंजिनेही तीच. बँकेचे कर्ज काढून मोटार घेऊ पाहणारे नोकरदार कुटुंब दोन्ही दालने पालथी घालते, किंमतपत्रके ताडून पाहते आणि अखेर जी निवड करते, ती बव्हंशी दर्शनी भागाची, अंतर्गत सजावटीची व नावाची असते.

यात काही फसवणूक आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. मोटारीचा तळ, इंजिनाचा कप्पा, चाकांची जोडणी, सुकाणू आणि विद्युत्-तारांचे जाळे यांच्या एकत्रित रचनेला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात. मराठीत त्याला मोटारीचे जोते म्हणता येईल. घराचे जोते रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेत भरत नाही. पण घर उभे राहते ते त्याच्यावरच. मोटारीचे जोते नव्याने आखणे, त्यासाठी साचे घडविणे, आघात-चाचण्या घेणे हे सारे अतिशय खर्चाचे काम असते, आणि मोटारी किती खपतात यावर हा खर्च अवलंबून नसतो. उदाहरणादाखल, एक हजार कोटी रुपयांचा असा खर्च एक लाख मोटारींवर वाटला, तर प्रत्येक मोटारीवर एक लाख रुपयांचा भार पडतो. तोच पाच लाख मोटारींवर वाटला, तर भार वीस हजारांवर येतो. एका जोत्यावर अनेक मोटारी उभारण्याचे सारे अर्थशास्त्र या साध्या भागाकारात सामावलेले आहे. फोक्सवॅगन समूहाने २०१२ साली आणलेल्या ‘एमक्यूबी’ या रचनेत पुढच्या चाकांचा आस आणि चालकाच्या पायाखालचे पेडल यांतील अंतर तेवढे कायम ठेवले, आणि लांबी, रुंदी व चाकांमधील अंतर बदलण्यास मुभा ठेवली. गोल्फ, ऑडी ए-३ आणि ऑक्टाव्हिया ही निरनिराळ्या ऐपतीच्या ग्राहकांसाठीची वाहने त्यामुळे एकाच कुळात जन्मास आली.

अर्थात, ही काटकसर किती ताणावी यालाही मर्यादा आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९८२ सालचे मॉडेल म्हणून ‘कॅडिलॅक सिमारॉन’ बाजारात आणली, तेव्हा ती मूलतः त्याच कंपनीची स्वस्त ‘शेव्हरोले कॅव्हेलियर’ होती. इंजिनही तेच. कातड्याच्या बैठका, सजावट आणि कॅडिलॅकचे प्रतिष्ठित नाव यांच्या बळावर तिच्यासाठी कितीतरी अधिक किंमत मागण्यात आली. ग्राहकांनी हे सोंग ओळखले. १९८८ साली सिमारॉन बंद पडली. पण कॅडिलॅक या नावाला लागलेला बट्टा तिच्यानंतरही राहिला. डोळ्यांना जे दिसते, त्याची शिक्षा बाजार देऊ शकतो, एवढा धडा या प्रकरणातून मिळतो.

जे डोळ्यांना दिसत नाही, त्याचे काय? खरा प्रश्न येथून सुरू होतो. भाग सामायिक झाले की बचत सामायिक होते, तसा दोषही सामायिक होतो. याच जनरल मोटर्सने शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन, पाँटिॲक जी-५ अशा निरनिराळ्या नावांच्या मोटारींत इंजिन सुरू करण्याच्या किल्लीचा एकच स्विच वापरला. तो सैल होता. धक्का बसला किंवा किल्लीला जड जुडगा लटकला, तर चालत्या गाडीत किल्ली आपोआप मागे सरके. इंजिन बंद पडे, सुकाणू जड होई आणि नेमक्या अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडत नसे. २००६ साली हा भाग गुपचूप सुधारण्यात आला, परंतु त्याचा क्रमांक तोच ठेवण्यात आला. त्यामुळे जुना व नवा भाग वेगळा ओळखणे तपासकांना कठीण झाले. सुमारे २६ लाख मोटारी परत बोलावण्यासाठी २०१४ साल उजाडावे लागले. नुकसानभरपाईच्या योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. एका किरकोळ सुट्या भागाने इतक्या घरांतील माणसे हिरावून नेली, आणि कोणत्या नावाच्या गाडीत तो भाग आहे हे त्या घरांना ठाऊक नव्हते.

जोते एकच असले, तरी त्यावर काय ठेवायचे व काय गाळायचे हा निर्णय प्रत्येक बाजारपेठेपुरता वेगळा घेतला जातो. भारतीय ग्राहकाला याचा अनुभव आहे. फोक्सवॅगन पोलोला २००९ साली युरोपातील आघात-चाचणीत पाच तारे मिळाले होते. भारतात विकल्या जाणाऱ्या, एअरबॅग नसलेल्या पोलोची चाचणी ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने केली व तिचे निकाल जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी तिला एकही तारा मिळाला नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, गाडीचा सांगाडा त्या आघातात स्थिर राहिला होता. उणीव होती ती एअरबॅगची. दोन एअरबॅग बसविलेल्या त्याच गाडीने चार तारे मिळविले, आणि कंपनीने एअरबॅग नसलेल्या गाड्यांची विक्री थांबविली. पुढे २०२३ मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोघींनाही प्रौढ व बाल प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच-पाच तारे मिळाले. भारतीय माणसाच्या जिवाचे मोल नऊ वर्षांत वाढले, असे याचे स्पष्टीकरण देता येणार नाही. मधल्या काळात चाचण्यांचे निकाल जाहीर होऊ लागले, आघात-चाचणी आणि पुढच्या दोन एअरबॅग यांची सक्ती झाली. माहिती आणि कायदा यांचा हा परिणाम आहे.

म्हणूनच पुढचे पाऊलही माहितीच्या दिशेने पडले पाहिजे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ११०-अ हे कलम घालण्यात आले. सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यान्वये केंद्र सरकारला मिळाला; आणि दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग असलेली सर्व वाहने, मग ती कोणत्याही प्रकारची असोत, परत बोलावता येतील अशी तरतूदही त्यात आहे. कायदा करणाऱ्यांनी मोटारींमधील हे नाते ओळखले, याबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. परंतु ज्याच्या दारात मोटार उभी आहे, त्याला तिची भावंडे कोण हे कळण्याची सोय नाही. एका नावाच्या गाडीचा ब्रेक सदोष ठरल्याची बातमी दुसऱ्या नावाच्या गाडीचा मालक वाचतो आणि निश्चिंतपणे पान उलटतो. मोटारीच्या कागदपत्रांवर तिच्या जोत्याचे नाव, आणि सुकाणू, ब्रेक व एअरबॅग यांसारखे प्राणरक्षक भाग अन्य कोणत्या मोटारींत वापरले आहेत याची नोंद छापणे सक्तीचे का असू नये?

असे केल्यास व्यापारी गुपिते उघड होतील, असा आक्षेप उत्पादक घेतील. पण सुटे भाग पुरविणाऱ्यांना, गॅरेजच्या कारागिरांना आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांना हे नाते एव्हाना चांगलेच ठाऊक असते. गुपित राहते ते केवळ पैसे मोजणाऱ्यापासून. जाहिरातीत वेगळेपणाचा डंका वाजवावा आणि कारखान्यात एकपणाचा लाभ घ्यावा, एवढी मुभा व्यापाराला असण्यास कोणाचीच हरकत असणार नाही. त्या एकपणातून येणारा धोका मात्र ग्राहकाने अंधारात राहून सोसावा, ही अपेक्षा न्याय्य नाही. औषधाच्या वेष्टनावर आतील द्रव्ये छापणे आज कोणालाही जाचक वाटत नाही. कुटुंबातील चार माणसांना ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने वाहून नेणाऱ्या यंत्राबाबत त्याहून कमी मागणे शहाणपणाचे ठरणार नाही.