वेताळ पुन्हा झाडावर

चित्रपटाचा दुसरा भाग म्हटला की माझ्या कपाळाला आठी पडते, हे या सदराच्या वाचकांना आता पाठ झाले असेल. पहिल्या भागाचा गल्ला भरला, की निर्मात्याला साक्षात्कार होतो की कथेत सांगण्यासारखे बरेच राहून गेले आहे. मग मेलेला खलनायक उठून बसतो, सुखाने नांदणाऱ्या नायक-नायिकेत बेबनाव होतो आणि आपण कालच्या उरलेल्या भाताला फोडणी दिलेली मुकाट्याने गिळून घरी येतो. पण वाचकहो, फोडणीचा भात कधी कधी मूळ भातापेक्षा चवदार लागतो, हेही खोटे नाही. आज मला तेच कबूल करायचे आहे.

झाले असे, की दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी आमच्या पुतण्याने दूरचित्रवाणीवर एक चित्रपट लावला. नाव 'ब्लेड २', साल २००२. "काका, तुम्ही नुसते बसा आणि बघा," एवढीच त्याची प्रस्तावना. रक्त पिणाऱ्या पिशाचांचा, म्हणजे व्हॅम्पायरांचा चित्रपट, त्यात तलवारी, बंदुका आणि लाथाबुक्क्या, आणि वर तो दुसरा भाग! माझ्या नावडीच्या तिन्ही गोष्टी एका ताटात वाढलेल्या. स्वयंपाकघरातून चकलीचा सोऱ्या हातात घेऊन सौ. दारापर्यंत आली, पडद्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "सणासुदीचे हे कसले रक्त बघता?" मी पुतण्याकडे बोट दाखवले आणि बसून राहिलो.

पिशाचपटांच्या पुढच्या भागांविषयी माझे मत वाईट होते त्याला इतिहास आहे. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली आली, आणि तेव्हापासून त्या सरदाराला कोणी सुखाने मरू दिलेले नाही. इंग्लंडच्या हॅमर कंपनीने १९५८ साली क्रिस्टोफर ली याला घेऊन त्याच्यावर चित्रपट काढला. तो चालला. १९६० साली पुढचा आला, त्याच्या नावात ड्रॅक्युला होता, चित्रपटात नव्हता! १९६६ साली ली महाशय परतले, पण साऱ्या चित्रपटभर त्यांच्या तोंडी एकही शब्द नाही, नुसते फुत्कार. नवरदेवाशिवाय वरात आणि मग मुका नवरदेव, असा हा प्रकार.

'ब्लेड'ची गोष्ट थोडी निराळी आहे. हा नायक मुळात चित्रकथांच्या मासिकातला. मार्व्ह वुल्फमन आणि जीन कोलन यांनी तो १९७३ साली निर्माण केला. गरोदर बाईला व्हॅम्पायर चावला आणि तिच्या पोटी हा जन्मला, त्यामुळे तो अर्धा माणूस, अर्धा पिशाच. पिशाचांचे बळ त्याच्यापाशी आहे, उन्हात तो जळत नाही, पण रक्ताची तहान मात्र आहे. ती तो औषधाची सुई टोचून दाबून ठेवतो आणि स्वतःच्याच अर्ध्या जातीची शिकार करत हिंडतो. १९९८ साली वेस्ली स्नाइप्स याने ही भूमिका प्रथम केली, आणि काळा चष्मा लावून क्वचितच ओठ हलवणारा हा माणूस प्रेक्षकांना आवडला.

मग दुसऱ्या भागात नवे काय? पहिल्यातलीच पिशाचे आणखी जास्त संख्येने आणून मारली असती तर कोणी तक्रार केली नसती. परंतु दिग्दर्शक बदलला आणि ते काम मेक्सिकोच्या गिलेर्मो देल तोरो याच्याकडे आले. याच गृहस्थाला पुढे २०१८ साली 'द शेप ऑफ वॉटर'साठी ऑस्कर मिळाले. त्याने आणि पटकथाकार डेव्हिड गोयर याने साधा पण नामी उलटा डाव टाकला: पिशाचांनाच भिण्यासारखे काहीतरी दिले.

आरंभच पाहा. प्राग शहरात एक फाटका, आजारी दिसणारा तरुण रक्तपेढीत रक्त विकायला येतो. पेढी चालवणारे असतात व्हॅम्पायर. सावज आपल्या पायांनी आले म्हणून ते खूश होतात, आणि पुढच्याच क्षणी त्या तरुणाची हनुवटी मधोमध फाटून उघडते. सावज कोण आणि शिकारी कोण हे मग सांगावे लागत नाही. हा नोमॅक. त्याच्या जातीला चांदी बाधत नाही, लसूण बाधत नाही. काळजाभोवती हाडाचे कवच. बाधते ते फक्त ऊन. आणि हे प्राणी माणसांबरोबर व्हॅम्पायरांचेही रक्त पितात. झाले! पिशाचांचा म्हातारा राजा दमास्किनोस आपल्या जन्मवैऱ्याला, ब्लेडलाच, मदतीला बोलावतो. ब्लेडच्या हाताखाली जी टोळी दिली जाते, ती दोन वर्षे त्यालाच मारण्यासाठी तालीम करत असते. त्यातल्या एका उर्मट गड्याच्या डोक्याच्या मागे ब्लेड पहिल्याच भेटीत स्फोटक चिकटवून ठेवतो. सहकाराचा एवढा उघड पाया मी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेतसुद्धा पाहिलेला नाही.

करमणुकीच्या दृष्टीने ही मांडणी फार सोयीची ठरते. पुढे राक्षस आहे, शेजारी शत्रू आहे, आणि स्वतःच्या अंगात तहान आहे. तिन्ही बाजूंनी भीती असल्यामुळे दोन तास जराही सैल पडत नाहीत. गटारांच्या बोगद्यांतली मोठी चकमक तर मी खुर्चीच्या कडेवर बसून पाहिली. डॉनी येन या हाँगकाँगच्या नामांकित नटाने मारामाऱ्यांच्या रचनेत हात घातला आहे आणि एक लहान भूमिकाही केली आहे. लाथ कोणी कोणाला मारली हे नीट दिसते. आजकाल तेवढेही पुष्कळ.

आता खोटही सांगतो. संगणकावर बनवलेल्या काही उड्यांत माणसे रबराच्या बाहुल्यांसारखी वाकतात. ब्लेडचा म्हातारा साथीदार व्हिसलर पहिल्या भागात संपला असे आपण समजून चाललो होतो. इथे तो जिवंत सापडतो, आणि अंगात भिनलेले पिशाचपण एका रात्रीच्या उपचारात उतरते. आमच्याकडे साधा मलेरिया एवढ्या लवकर हटत नाही. रक्तही नको इतके आहे. मुलांना हा चित्रपट अजिबात दाखवू नये. अमेरिकेतसुद्धा सतरा वर्षांखालच्यांना तो पालकांशिवाय पाहता येत नव्हता.

इतके असूनही तो माझ्या मनात राहिला, याचे कारण मारामाऱ्या नव्हेत. उत्तरार्धात उलगडते, की नोमॅक हा म्हाताऱ्या राजाचा मुलगा. आपल्या जातीला आणखी बलवान करण्याच्या हव्यासापायी बापानेच हा प्रयोग घडवला, तो बिघडला, आणि मग पोर टाकून दिले. राजकन्या निसा ही त्याची बहीण. तिला हे सारे उशिरा कळते. भाऊ सूड घ्यायला येतो तेव्हा ती बापाची सुटकेची वाट बंद करते. बाप मरतो, पण भाऊ तिलाही डसतो. त्याच्यासारखे होण्यापेक्षा मरण बरे म्हणून ती ब्लेडला एकच मागणे करते: सूर्योदय पाहायचा आहे. तो तिला उचलून बाहेर नेतो. ऊन वर येते आणि त्याच्या हातांतच तिची राख होते.

एवढा वेळ स्वयंपाकघरात चकल्या तळल्याचा आवाज येत होता तो कधी थांबला, कळले नाही. मागे वळून पाहिले तर सौ. दारात उभी, हातातल्या झाऱ्यातून तेल टपकते आहे. "म्हणजे बापानेच केले सगळे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पोरीने जन्मात ऊन पाहिले नव्हते का हो?"

माझ्या परीक्षणाचा निकाल तिथेच लागला. इंग्रज लेखक रिचर्ड बर्टन याने आपल्या वेताळाच्या गोष्टी १८७० साली इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला 'व्हॅम्पायर' म्हटले. आपला वेताळ असा मानेला दात लावणारा नव्हे, पण एका बाबतीत तो या मंडळींचा गुरू आहे. दर गोष्टीच्या शेवटी तो झाडावर परत जातो, आणि विक्रम त्याला आणायला पुन्हा निघतो, कारण वेताळ दर वेळी नवा पेच घालतो. पेच नसता तर राजाने दुसऱ्याच खेपेला प्रेत टाकून घर गाठले असते. 'ब्लेड २' मध्ये तो पेच आहे, म्हणून पहिल्या भागापेक्षा त्याची कमाईही अधिक झाली. २००४ साली तिसरा भाग आला. तो पाहून मी माझे जुने मत पुन्हा जागेवर ठेवले.

पुतण्याने यंत्र बंद केले. सौ. आत वळली, आणि जाता जाता म्हणाली, "पहिला भाग कधी लावणार आहेस रे? मी तो पाहिला नाही." त्या दिवशीच्या चकल्यांचा एक घाणा जरा जास्तच लाल झाला होता. आम्ही तिघांनी तो बिनतक्रार संपवला.