सिद्दी जौहर ‘तुमचाच’ ना?

गेल्या पावसाळ्यात आयुष्यातला पहिला ट्रेक केला. एका ग्रुपबरोबर पन्हाळा ते पावनखिंड, दोन दिवस. मसाई पठारावरच बूट चिखलात रुतले, पायाला जळवा लागल्या. पण त्याहून बोचला तो मुक्कामातला प्रश्न: “सिद्दी जौहर तुमचाच ना?” विचारणारा हसला, बाकीचेही हसले.

नाही, तो माझा नाही. तो आदिलशाहीचा सरदार होता. १६६०चा तोच वेढा फोडायला नेताजी पालकरांसोबत महाराजांकडून सिद्दी हिलाल लढला. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत घायाळ होऊन पडला. त्यांना कोणी ‘तुमचे’ का म्हणत नाही? माणसं तेव्हा चाकरीने आणि निष्ठेने वाटली गेली होती, धर्माने नव्हे.

मी कडेगावचा. आमच्याकडे मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. तिथे ‘तुम्ही इकडे कसे?’ असं कोणी विचारत नाही.

ट्रेकला टॉर्च, रेनकोट, पाण्याची बाटली आणायला सांगा, जरूर आणू. निष्ठेचा दाखला मात्र मागू नका. बाजीप्रभूंनी आणि बांदलांनी रक्त सांडून राखलेल्या वाटेवर परवाने वाटणारे तुम्ही कोण?

येत्या जुलैत मी पुन्हा येणार आहे.