जीपचा देखणा फोटो

लग्न ठरले की हल्ली पहिला मुहूर्त निघतो तो फोटोंचा. नवरा-नवरीने लग्नाआधीच एखाद्या तळ्याकाठी, पडक्या गढीत किंवा कापसाच्या शेतात जाऊन फोटो काढून घ्यायचे आणि त्या फोटोंत एखादी जुनी गाडी असायचीच, अशी रीत आता तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचली आहे. मुंबई-पुण्याकडे त्यासाठी फियाट किंवा अँबॅसिडर मिळते. आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या झरी जामणीकडे मिळते ती जीप. कुणीतरी लिलावात घेतलेली, भडक रंग दिलेली, टायरांना काळे पॉलिश फासलेली. तासावर भाडे. बॉनेटवर नवरी बसते, नवरदेव स्टीअरिंग धरून लांब कुठेतरी बघतो आणि फोटोग्राफर म्हणतो, ‘‘दादा, जरा हसा.’’

माझा या प्रकाराला विरोध नाही. एखाद्या कार्यालयाच्या मागे, कडुलिंबाखाली गंजत पडण्यापेक्षा ती गाडी चार लग्नांत मिरवली तर बिघडले कुठे? पूर्वी जत्रेतल्या फोटोवाल्याकडे लाकडी मोटार असायची. तिच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून आपले काका-मामा ऐटीत फोटो काढून घेत. हौस तीच आहे. फरक इतकाच, की जत्रेतली मोटार खोटी होती आणि ती खोटी आहे हे सर्वांना ठाऊक होते. इथे गाडी खरी आहे, पण तिला लाकडी मोटारीसारखे वापरले जाते. शंभर फोटो निघतात आणि त्यांतल्या एकातही जीप दिसत नाही. मला बोलायचे आहे ते यावर. जुन्या गाडीचा देखणा फोटो म्हणजे पॉलिश केलेल्या गाडीचा फोटो, ही समजूत काही मला पटत नाही.

ही जीप मूळची अमेरिकन सैन्याची, दुसऱ्या महायुद्धातली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने विलिस कंपनीची ही गाडी मुंबईत जोडायला सुरुवात केली आणि पुढे ती इथेच बनू लागली. आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवणीत आहे ती सीजे थ्री बी नावाची. जुन्या जीपपेक्षा तिचे बॉनेट चांगलेच उंच. आत नवे, जास्त उंचीचे इंजिन बसवायचे होते, म्हणून विलिस कंपनीने १९५३ साली सरळ बॉनेटच वर उचलले. तिकडे ती १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे मात्र नंतर कितीतरी वर्षे निघत राहिली. दोन गोल दिवे, जाळीत सात उभ्या फटी आणि वर ते भव्य कपाळ. सुंदर म्हणता येणार नाही असा चेहरा, पण गर्दीत ओळखू येणारा.

झरी जामणी तालुक्यात तिने काय केले, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. कापसाची काळी जमीन पाऊस पडला की चाक धरून ठेवते. कोलामांचे पोड मुख्य रस्त्यापासून आत, जंगलाच्या कडेला. तिथे लस पोचायची ती जीपने, मतपेट्या जायच्या त्या जीपने आणि अडलेली बाळंतीण दवाखान्यात आणायची तीही जीपनेच. मुंबईकराला काळीपिवळी म्हटले की टॅक्सी आठवते. आमच्याकडे काळीपिवळी म्हणजे प्रवासी जीप, जिच्यात आतल्यापेक्षा बाहेर लोंबकळणारी माणसे जास्त. एस.टी. चुकली तरी वणीचा बाजार चुकायचा नाही तो तिच्यामुळे.

पण जीपची दुसरी बाजूही आहे. मी बँकेत नोकरी केली आहे आणि मार्च महिन्यात वसुलीच्या जीपमध्ये बसून अशा गावांत गेलो आहे. जीपचा आवाज नाल्यापलीकडून ऐकू यायचा. आम्ही पोचेपर्यंत गावातले पुरुष नाहीसे झालेले असत. दारात उभी असलेली बाई पदर सावरून म्हणायची, ‘‘घरी नाही जी साहेब, वावरात गेले.’’ ‘जीप आली’ या दोन शब्दांनी एका घरात हायसे वाटायचे आणि शेजारच्या घरात काळजात धस्स व्हायचे. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. त्या जिल्ह्यातल्या जीपचा फोटो काढायचा, तर तिला नुसती गमतीची वस्तू करून कसे चालेल?

मग काढायचा कसा? यात काही गोष्टी निव्वळ कारागिरीच्या आहेत आणि त्या शिकायला मोठा कॅमेरा लागत नाही. हातातला फोन पुरतो.

पहिली गोष्ट, गाडीच्या अंगावर जाऊ नका. फोनचे भिंग जवळून पाहिले की नाक मोठे आणि कान लहान करते. माणसाचे करते तसेच गाडीचेही. दहा-बारा पावले मागे जावे, मग फोनमध्ये चित्र थोडे जवळ ओढावे. गाडीचा बांधा खरा दिसतो. दुसरी, उभ्याने फोटो काढू नये. उकिडवे बसावे आणि फोन गाडीच्या दिव्यांच्या उंचीवर आणावा. उभ्याने काढलेल्या फोटोत जीप खेळण्यासारखी दिसते, खालून घेतली की तिचे कपाळ आकाशाला भिडते. गुडघे दुखतात ही अडचण आहे खरी, माझ्या वयाच्या लोकांनी उपडी बादली घेऊन जावी. आणि नुसते समोरून किंवा नुसते बाजूने घेण्याऐवजी कोपऱ्यातून घ्यावे, म्हणजे चेहरा आणि एक बाजू दोन्ही येतात.

प्रकाशाचे गणित आमच्याकडे जरा कडक आहे. आमच्या उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर फोटो काढू नये. डोक्यावरच्या उन्हात मडगार्डखाली काळे खड्डे पडतात आणि बॉनेट पांढरे फटक पडते. सूर्य उगवल्यानंतरचा तास किंवा मावळण्याआधीचा तास, त्यातही दिवाळीनंतरचा, पाऊस धुऊन गेलेल्या हवेतला. तेव्हा ऊन तिरपे येते आणि पत्र्यावरचा एकेक पोचा दिसू लागतो. पोचे दिसले पाहिजेत. काही मेकॅनिक फोटोसाठी गाडी डिझेलच्या फडक्याने पुसून चकाकी आणतात. तसे करू देऊ नये. काचा मात्र पुसून घ्याव्यात. काचेवरच्या धुळीने गाडी आंधळी दिसते. रंगावरची धूळ तिच्या अंगावर शोभते.

जागा निवडताना आमच्या मातीचा एक स्वभाव लक्षात ठेवावा. काळ्या जमिनीवर काळे टायर उभे केले तर फोटोत टायर गडप होतात आणि गाडी जमिनीत रुतल्यासारखी दिसते. मुरमाच्या रस्त्यावर किंवा वाळलेल्या गवताच्या धुऱ्यावर उभी केली की चाके सुटी दिसतात. मागे फुटलेला कापूस असेल तर आणखी एक गंमत होते. एवढा पांढरेपणा पाहून कॅमेरा घाबरतो आणि सगळे चित्र काळवंडून टाकतो. अशा वेळी पडद्यावर जीपवर बोट ठेवावे आणि उजेड थोडा वर सरकवावा. एवढे झाले की टपावर विजेचा खांब उगवलेला नाही ना, ते पाहून घ्यावे.

कारागिरी इथे संपते. पुढचे सांगण्यासाठी मला एका मोठ्या छायाचित्रकाराचे नाव घ्यावे लागेल. रघुवीर सिंह हे १९४२ साली जयपूरला जन्मलेले आणि १९९९ मध्ये न्यूयॉर्कला वारलेले गृहस्थ. रंगीत छायाचित्रणाला कलावंत नाके मुरडत असत त्या काळात त्यांनी आयुष्यभर रंगात भारत टिपला. त्यांच्या मृत्यूनंतर २००२ साली अँबॅसिडर गाडीतल्या प्रवासांचे त्यांचे पुस्तक निघाले. त्यात गाडी आहे, पण ती सजून उभी नाही. कुठे तिचे अर्धे उघडे दार चित्राला दुभागते, कुठे आरशात मागचा रस्ता आणि काचेपलीकडे पुढचा. गाडी ही त्यांच्यासाठी देश बघायची चौकट होती. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरून हिंदुस्थान मोटर्सने काढलेली, २०१४ मध्ये बंद झालेली ती गोलमटोल गाडी या पुस्तकात जितकी देखणी दिसते, तितकी कुठल्या जाहिरातीत दिसली असेल असे मला वाटत नाही.

जीप तर अशा पाहण्यासाठी अधिकच सोयीची. तिला धड दारे नाहीत. ड्रायव्हरच्या जागी बसून फोटो काढला की सपाट काच, तिच्या लोखंडी चौकटीत मावलेला रस्ता, झिजून गुळगुळीत झालेली गिअरची मूठ आणि खाली बुटांनी घासून पांढरा पडलेला पत्रा एवढे सगळे येते. मागच्या बाकावरून घेतला तर आत येणाऱ्याचा पहिला हात जिथे पडायचा, तो दांडा दिसतो. नवरा-नवरीलाही माझे सांगणे आहे, की बॉनेटवर बसण्याऐवजी एकदा मागच्या बाकावर समोरासमोर बसून पाहा. आजी-आजोबा लग्न करून गावी आले असतील ते असेच बसून.

हे सारे आताच लिहिण्याचे कारण वेगळे आहे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीला निरोप मिळाला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची ही गाडी आधी फियाट, मग १९७२ मध्ये प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणवली गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. तेव्हा वर्तमानपत्रांनी पाने सजवली, लोकांनी जाऊन फोटो काढले. छान झाले. पण त्याच वर्षी १ एप्रिलपासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा नियम देशभर लागू झाला होता, आणि त्याने मोडीत निघालेल्या जुन्या जीपगाड्यांना निरोप द्यायला कुणी गेले नाही.

वारसा म्हणून गाडी जपण्याची सोय कायद्यात आहे, नाही असे नाही. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरे असलेल्या पाटीवर वेगळी नोंदणी होते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही. मेळावे, प्रदर्शने यांसाठी बाहेर काढता येते. शहरातल्या हौशी माणसाला हे जमेल. पण खेड्यातल्या जीपने पन्नास वर्षांत इंजिन बदलले, चासीला जोड घेतला, पत्रा दोनदा ठोकून घेतला. म्हणूनच ती चालली. मूळ रूप तिने कधीच कामात घालवले. तेव्हा ती वारशात बसणार नाही. ती वजनावर जाणार. तिचा फोटो तेवढा मागे राहू शकतो.

म्हणून तालुक्यातल्या फोटोवाल्या पोरांना माझे सांगणे, की कार्यालयाच्या आवारात अशी एखादी जीप लिलावाची वाट पाहत उभी असेल, तर रीतसर परवानगी घ्या आणि एका सकाळी जा. तिच्यावर चढलेला वेल ओढून काढू नका. जमल्यास तिचा निवृत्त ड्रायव्हर गाठा. तो जवळच्याच गावात असतो. त्याला ‘असे बसा, तसे बघा’ असे काही सांगू नका. तो आपोआप डावा हात गिअरवर ठेवील आणि उजव्या हाताने आरसा नीट करील, मागे काही दिसत नसले तरी. तेव्हा फोटो काढा. मग त्याला विचारा, कुठल्या कुठल्या पोडांवर गेला होतात, पावसात कुठे अडकला होतात, कुणाला घेऊन आला होतात. एक प्रत कागदावर काढून घ्या आणि पाठीमागे ती सगळी गावे, गाडीचा नंबर आणि त्याचे नाव पेनाने लिहून ठेवा. दुसरी प्रत त्याला द्या.