प्रशासक बरा म्हणणाऱ्यांना नरखेडहून उत्तर

नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर 2025 मध्ये आटोपल्या. नगराध्यक्ष आले, नगरसेवक आले, सभागृहे पुन्हा भरू लागली. तरीही नरखेड तालुक्यात पानठेल्यावर, बसस्थानकावर, अगदी शिकल्यासवरल्या माणसांच्या बैठकीतही एक मत ठासून मांडले जाते, की प्रशासक होता तेच बरे होते. भांडणे नव्हती, गटबाजी नव्हती, एकाच साहेबाच्या सहीने काम मार्गी लागत होते. आता पुन्हा तेच गट आणि तीच ओढाताण. पाठोपाठ दुसरे विधानही येते. नरखेड-मोवाडसारख्या लहान गावांना नगरपरिषद हवीच कशाला?

असे बोलणारी माणसे वाईट नाहीत. नगरपरिषदेचे राजकारण त्यांनी जवळून पाहिले आहे आणि त्याचा त्यांना वीट आला आहे. पण त्यांचे म्हणणे चूक आहे. ते आत्ताच खोडून काढले नाही, तर पुढच्या वेळी मंडळाची मुदत संपताना निवडणूक लांबवू पाहणाऱ्यांना आपल्याच तोंडचा दाखला मिळेल.

आधी प्रशासकाचा तो काळ आला कसा, ते पाहू. निवडणुकीचा प्रश्न कोर्टात अडकला होता, त्याला कोण काय करणार, असे सर्रास सांगितले जाते. नागपूर जिल्ह्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची आधीची निवडणूक जानेवारी 2017 मध्ये झाली होती. पाच वर्षे 2022 च्या आरंभी भरली. राज्यघटनेचे 243-यू हे कलम नगरपालिकेला पाच वर्षांची मुदत देते, त्याहून एक दिवसही जास्त नाही, आणि ती सरण्याआधी पुढची निवडणूक पार पडली पाहिजे, असे बजावते. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2006 मध्ये हेच सांगितले. म्हणजे कायद्यात संदिग्धता नव्हती.

वाद होता ओबीसी आरक्षणाचा. विकास किशनराव गवळी यांच्या याचिकेवर 4 मार्च 2021 रोजी निकाल आला. आयोग नेमा, माहिती गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा, अशी तिहेरी कसोटी न्यायालयाने राज्यापुढे ठेवली. त्यानंतर बांठिया आयोग झाला. जुलै 2022 मध्ये त्याच्या अहवालाच्या आधारे निवडणुका घेण्याची वाट मोकळी झाली आणि ऑगस्टमध्ये ‘जैसे थे’च्या आदेशाने पुन्हा बंद झाली. प्रभागरचना कोणी करायची, सदस्य किती असावेत, यावर आधीच्या सरकारने कायदा बदलला आणि नंतरच्या सरकारने त्यातला काही भाग फिरवला. अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगापूर्वीच्या आरक्षणानुसार निवडणुका घ्या असा आदेश दिला, तेव्हा गाडी हलली.

आता नरखेडहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेत बसू. पुढचे मोठे स्टेशन पांढुर्णा. संत्र्याच्या बागा तशाच, बोली तीच, सोयरीक दोन्ही बाजूंनी. फरक एवढाच की ते मध्य प्रदेशात आहे. ओबीसी आरक्षणाचा तोच प्रश्न, तीच तिहेरी कसोटी, तेच सर्वोच्च न्यायालय मध्य प्रदेशापुढेही होते. मे 2022 मध्ये न्यायालयाने त्या सरकारला निवडणुका थांबवू नका असे खडसावले. सरकारने आठवडाभरात आपल्या आयोगाचा सुधारित अहवाल पुढे केला, आरक्षणाला परवानगी मिळवली आणि 2022 सालीच तिथल्या नगरपालिकांचे मतदान उरकले. सीमेपलीकडच्या पांढुर्ण्याला जे काही महिन्यांत जमले, त्याला सीमेअलीकडे साडेतीन वर्षांहून जास्त काळ लागला. तेव्हा इलाज नव्हता हे खरे नाही. इलाज होता, घाई नव्हती. सत्तेत कोणता पक्ष होता हे इथे गौण आहे, कारण या काळात दोन्ही बाजूंची सरकारे येऊन गेली.

या विलंबातली सर्वांत बोचणारी गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. ओबीसींच्या जागा किती असाव्यात यावर वाद चालू होता, त्या सगळ्या काळात ओबीसींना नगरपरिषदेत एकही जागा नव्हती. अनुसूचित जातींनाही नव्हती. महिलांसाठी राज्याने निम्म्या जागा राखल्या आहेत. त्या निम्म्या जागांवरही कोणी नव्हते.

आता मूळ दावा घेऊ: प्रशासकाच्या काळात कामे झाली. झाली, हे मला मान्य आहे. रस्ते झाले, दिवे लागले, कचऱ्याच्या गाड्या फिरल्या. अधिकाऱ्यांनी कष्ट केले नाहीत असे मी म्हणणार नाही. पण ही कामे ज्या निधीतून होतात तो बहुतांशी राज्य आणि केंद्राच्या योजनांचा असतो आणि मंडळ असले तरी तो येतोच. उलट केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानाला तर लोकनियुक्त मंडळ असण्याचीच अट आहे. म्हणजे सभागृह रिकामे राहिल्याने गावाचा पैसा वाचत नाही, तो धोक्यात येतो.

शिवाय काम होणे आणि काम ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्या लेआऊटमध्ये आधी नाली करायची आणि कोणत्यात आधी रस्ता, आठवडी बाजार आहे तिथेच ठेवायचा की हलवायचा, उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी सोडायचे की तीन दिवसांआड, मालमत्ता कराच्या फेरआकारणीत कोणाला किती सूट द्यायची, हे अभियंत्याचे प्रश्न नाहीत. यात कोणाला तरी आधी मिळते आणि कोणाला तरी थांबावे लागते. ज्याला थांबावे लागते त्याला कारण विचारायला जागा हवी. प्रशासकाच्या काळात अधिकारीच प्रस्ताव मांडतो, सर्वसाधारण सभा म्हणून तोच मंजूर करतो आणि मुख्याधिकारी म्हणून बहुतेक ठिकाणी तोच अमलात आणतो. तीन खुर्च्यांवर एकच माणूस बसलेला. अशा सभेत भांडण होणार कसे? भांडण नव्हते म्हणून कारभार चांगला होता, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एवढेच पाहावे की भांडायला तिथे दुसरे कोणी नव्हतेच.

आणि भांडणाची एवढी धास्ती का? सभेत एक नगरसेवक उठून म्हणतो, माझ्या प्रभागात तीन महिन्यांपासून फवारणी नाही. दुसरा म्हणतो, हे बिल कशाचे? आवाज चढतो, टेबलावर हात आपटले जातात. बाहेरून हे ओंगळ दिसते. पण त्या आवाजामुळे बिल तपासले जाते आणि फवारणीची गाडी निघते. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम 1965 करणाऱ्यांना हे माहीत होते. मंडळ चुकू शकते हेही त्यांना माहीत होते, म्हणून मंडळाच्या ठरावाची अंमलबजावणी रोखण्याचा अधिकार 308 व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांना दिला. वरून लगाम आहे, खालून मतदार आहे. प्रशासकाला वरचा लगाम असतो, खालचा नसतो.

नगरसेवक स्वतःच ठेकेदारी करतात हा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. भावाच्या, मेहुण्याच्या, मित्राच्या नावाने ठेका घेतला जातो आणि गावाला ते ठाऊक असते. पण त्यावर कायदा मुका नाही. नगरपरिषदेच्या ठेक्यात हितसंबंध असणारा माणूस सदस्यत्वाला अपात्र ठरतो. ही तरतूद वापरली जात नाही, कारण तक्रार करणारा एकटा पडतो. याचे उत्तर तक्रार करणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे हे आहे, सगळी निवडणूकच काढून टाकणे हे नव्हे. ज्या नगरसेवकाचा ठेका गावाला दिसतो, त्याला पाच वर्षांनी पाडता येते. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याला कोण पाडणार?

राहिला लहान गावांचा प्रश्न. इथे मोवाडबद्दल बोललेच पाहिजे. वर्धा नदीच्या काठचे हे गाव. लोकसंख्या दहा हजारांच्या आत. एवढ्याशा गावाला नगरपरिषद म्हणजे शासनावर बोजा, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की मोवाडची नगरपालिका 1867 ची आहे. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव 1882 चा. म्हणजे तो ठराव लिहिला गेला तेव्हा मोवाडने पंधरा वर्षे नगरपालिका चालवलेली होती. बाजारपेठ, विणकर, गुरांचा व्यापार यांच्या बळावर हे गाव उभे होते.

30 जुलै 1991 च्या पहाटे वर्धा नदीचा पूर मोवाडवर आला. 204 माणसे गेली. घरे, दुकाने, जनावरे, पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत वाहून गेली. गाव नव्या जागी वसवावे लागले. बाजारपेठ पुन्हा पूर्वीसारखी भरली नाही, तरुण कामासाठी नागपूर-अमरावतीकडे निघून गेले. दरवर्षी त्या तारखेला मोवाड आपल्या माणसांना श्रद्धांजली वाहते. अशा गावाला लोकसंख्येच्या मोजपट्टीने मोजून तुमची नगरपरिषद परवडत नाही म्हणणे मला अन्यायाचे वाटते. लोकसंख्या कमी राहिली याला कारण मोवाडचा कारभार नाही, पूर आणि त्यानंतरचे अपुरे पुनर्वसन आहे. उपजीविका परत आणण्याचे काम राज्याने पुरे केले नाही, आणि त्याचीच शिक्षा म्हणून गावाचा दर्जा काढायचा? उलट ज्या वस्तीला एकदा मुळापासून उखडून दुसरीकडे लावले गेले, तिला आपल्या रस्त्यांचा, भूखंडांचा, नदीकाठच्या जुन्या जागेचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क सर्वांत आधी मिळायला हवा.

इथे एक हुशार प्रतिपक्ष उभा राहतो. तो म्हणतो, मग ग्रामपंचायतच करा ना. जलालखेड्याला, सावरगावला, भारसिंगीला ग्रामसभा आहे. तिथला शेतकरी वर्षातून किमान चार वेळा सरपंचाला समोरासमोर विचारू शकतो. नरखेडच्या नागरिकाला तेवढेही नाही.

हा मुद्दा खरा आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म इथेच आहे. ग्रामीण माणसाला कायद्याने सभा दिली, शहरी माणसाला फक्त प्रतिनिधी दिला. घटनेने प्रभाग समित्यांची सक्ती केली ती तीन लाखांवरच्या शहरांना. नरखेडसारख्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेचा नागरिक मधेच राहिला. त्याच्यासाठी नगरसेवक हीच एकुलती एक खिडकी. म्हणूनच सभागृह रिकामे असणे मुंबई-पुण्यापेक्षा नरखेडला जास्त महाग पडते. महानगरात वृत्तपत्रे असतात, संघटना असतात, वकील असतात. इथे नाली तुंबली तर माणूस नगरसेवकाच्या ओट्यावर जातो. तो ओटाच नसेल तर साहेबाच्या दालनाबाहेर बाकावर बसतो.

पण यावरचा उपाय नगरपरिषद मोडून ग्रामपंचायत करणे हा नव्हे. विकास आराखडा, बांधकाम परवानगी, अग्निशमन, मुख्याधिकारी आणि त्याच्या हाताखालचा तांत्रिक कर्मचारी वर्ग हे सगळे नगरपरिषदेबरोबर येते. रेल्वेचे जंक्शन झालेल्या, चारी बाजूंनी लेआऊट पडत चाललेल्या गावाला ते लागते. शहराला ग्रामपंचायत करण्याऐवजी ग्रामसभा शहरात आणावी. शहरी वस्त्यांसाठी क्षेत्रसभेची तरतूद राज्याने 2009 मध्येच केली, पण ती कागदावर राहिली.

थेट नगराध्यक्ष निवडला म्हणजे भागले, असेही काहींना वाटते. ही पद्धत 2016 मध्ये आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली. दर सरकारागणिक नियम फिरतो यावरून तो गावाच्या सोयीसाठी फिरत नाही हे उघड आहे. थेट निवडीला माझा विरोध नाही. मात्र त्यामुळे नगरसेवक दुय्यम झाले असे मानले, तर आपण प्रशासकाच्या जागी निवडून दिलेला दुसरा एकटा माणूस बसवला, इतकेच होईल.

म्हणून माझे मागणे नव्या मंडळाकडे आहे, आणि ते दोन्ही गावांच्या मंडळांकडे आहे. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आठवडाभर आधी नगरपरिषदेच्या फलकावर आणि प्रभागाच्या व्हॉट्सॲप गटांवर मराठीत लावावी. सभेनंतर ठराव, सूचक, अनुमोदक आणि विरोध करणाऱ्याचे नाव यांसह कागद तिथेच लागावा. प्रशासकाच्या काळात घेतलेल्या सगळ्या ठरावांची यादी पहिल्या काही महिन्यांत सभागृहापुढे ठेवावी. कोणाला गुन्हेगार ठरवण्यासाठी नव्हे. त्यातले कोणते पुढे न्यायचे आणि कोणते फिरवायचे हे सभागृहाने उघडपणे ठरवण्यासाठी. आणि अर्थसंकल्प मांडण्याआधी प्रत्येक प्रभागात एक सभा घ्यावी. या वेळी प्रभाग दोन सदस्यांचे आहेत. तक्रार आली की एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे, हा धोका त्यात आहे. दोघेही एकाच सभेत नागरिकांसमोर बसले तर तो टळेल.

या सभेला शासननिर्णय लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागत नाही, निधीही लागत नाही. समाजमंदिर किंवा शाळेची खोली पुरते. ज्यांना प्रशासक बरा वाटत होता त्यांनी तिथे आवर्जून यावे आणि मागच्या पावसाळ्यात आपल्या गल्लीत पाणी का साचले हा प्रश्न दोन्ही नगरसेवकांना, सगळ्यांच्या देखत, उत्तर मिळेपर्यंत विचारावा.